रत्नागिरी, किरकोळ

कोकणात जुनं घर मोडायला काढलं की आधी कौलं उतरतात, मग रिपा-वासे, आणि शेवटी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली येते. तिच्यात काय आहे हे घरात कोणालाच धड माहीत नसतं, पण भांडण मात्र तिच्यावरून होतं. दापोली तालुक्यातल्या एका घरात गेल्या उन्हाळ्यात असंच झालं. ट्रंकेतून तीन रुमाल निघाले, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे तीन गठ्ठे, सगळे मोडीत. थोरला भाऊ मुंबईला असतो. त्याचं म्हणणं पडलं की पुण्याच्या एखाद्या संस्थेला देऊन मोकळं व्हावं. ते गावात कळलं आणि चार मंडळी ‘गावचा ठेवा गावाबाहेर जाऊ देणार नाही’ म्हणून उभी राहिली. वाचनालयाच्या सभागृहात बैठक झाली. मीही होतो. अडीच तासांत ‘वारसा’ हा शब्द इतक्यांदा आला की मी मोजणं सोडून दिलं. रुमालांच्या गाठी सोडून आत कोणी पाहिलंय का, हे मात्र एकानेही विचारलं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मूळ कागद जिल्ह्यातच राहावेत, या बाजूचा मी आहे. पण त्या बैठकीत या बाजूने जी कारणं दिली गेली त्यांतलं एकही मला पटलं नाही. उलट समोरच्यांची बरीच पटली. अस्मितेसाठीच कागद राखायचा असेल तर तो काचेत घालून भिंतीवर टांगावा, काम भागलं. कागद जिल्ह्यात हवा तो एवढ्यासाठी की तो ज्या शेतांची, वाड्यांची, घराण्यांची नावं घेतो ती इथे आहेत, आणि इथल्या माणसांना विचारल्याशिवाय निम्मा कागद वाचताच येत नाही. त्यामुळे ‘कुठे ठेवायचा’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न ‘कुठून उचलला’ हा. आणि भांडतो आपण सगळे दुसऱ्यावर.

समोरच्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. कोकणातली हवा कागदाची वैरीण आहे. चार महिने भिंतींना ओल, वर गळणारं कौल, खाली वाळवी, मध्ये कसर. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली पुस्तकं चिखलात गेली. २००५ च्या पुरातही तिथे हेच झालं होतं. पुस्तकं जपणं हेच जिचं काम, त्या संस्थेची ही गत, तर माळ्यावरच्या ट्रंकेची काय कथा? शिवाय पूर यायलाच हवा असंही नाही. मोडी कागद न्हाणीच्या चुलीत पेटवण म्हणून गेल्याच्या गोष्टी मी एकापेक्षा जास्त घरांतून ऐकल्या आहेत. सांगणाऱ्याला त्यात लाजण्यासारखं काही वाटत नाही. वाचता येत नाही, मग ठेवून काय करायचं? घर पंधरा वर्षं बंद, मुलं बोरिवलीला, आणि गावचा ठेवा राखणार कोण, तर माळ्यावरची वाळवी.

आणि मग राजवाड्यांचं नाव निघतं, निघायलाच हवं. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले नसते तर पानिपतच्या आसपासची पत्रं किराणा दुकानात पुड्या बांधायला गेली असती. वाईच्या एरंड्यांकडे मिळालेल्या कागदांतून १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला, पुढे त्याचे बावीस झाले. १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं ते याच हिंडण्यातून. ‘गावातच राहू द्या’ हा सल्ला राजवाड्यांनी ऐकला असता तर आज आपण कशाच्या जोरावर भांडलो असतो? हा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. फक्त एवढंच म्हणतो की राजवाड्यांची पायपीट आपण लक्षात ठेवली आणि त्यांच्या प्रस्तावना विसरलो. कागद कोणाकडचा आणि तो हाती कसा आला, हे सांगायला ते पानं खर्च करतात. माणूस रागीट होता, सरकारशी, विद्वानांशी, सगळ्यांशी भांडणारा; पण कागद कुठला हे सांगायला तो विसरला नाही.

हे विसरलं की काय होतं ते मी एकदा जवळून पाहिलं आहे. शहरातल्या एका मोठ्या संग्रहात दक्षिण कोकणातले कागद बघायला मागितले. दोन दिवसांनी एक रुमाल समोर आला. वर चिठ्ठी होती : ‘रत्नागिरी, किरकोळ’. रुमाल स्वच्छ होता, आत डांबरगोळ्यांचा वास, एका पानाला भोक नाही. त्यात माडांची मोजणी होती. कोणत्या ठिकाणात किती माड, किती धरते, किती वांझ, कोणाकडे मक्त्याने दिलेले. ठिकाणांची नावं : वरची पाखाडी, वडाखालचं, देवाचं, खालाटी. आता मला सांगा, किनाऱ्यावरच्या कोणत्या गावात वरची पाखाडी नाही आणि कोणत्या गावात खालाटी नाही? गावाचं नाव कागदात नव्हतं, कारण लिहिणारा गावातच बसून स्वतःसाठी लिहीत होता. स्वतःच्या वहीत स्वतःच्या गावाचं नाव कोण घालतं? ते नाव कागद उचलणाऱ्याने लिहायचं होतं. ‘अमुक गाव, अमुक घर’ एवढी ओळ. ती कोणी लिहिली नाही आणि देणाऱ्या घराचा आता पत्ता नाही. कागद सुखरूप होता आणि निकामी होता.

याच्या उलट तो दापोलीकडचा पहिला रुमाल. बैठकीनंतर घरच्यांच्या परवानगीने तो ओटीवर सोडला. आत बहुतेक खोतीचा, म्हणजे सरकारसाठी गावाचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराचा, जमाखर्च, शके १७९० च्या आगेमागेचा. मी आडखळत वाचत होतो. घरातल्या वहिनी सुपारी कातरत ऐकत होत्या. त्यांना मोडीचं अक्षर येत नाही. एका भाताच्या तुकड्यापुढे तीन वर्षं ओळीने वसूल कमी दाखवलेला, आणि शेरा : ‘खारें पाणी शिरलें सबब सूट’. मी पुढे जायला लागलो तर वहिनी म्हणाल्या, “थांबा, नाव काय म्हणालात त्या तुकड्याचं?” मी नाव सांगितलं. “मग बरोबर. तिथलीच उघाडी फुटते. माझ्या सासऱ्यांच्या वेळी फुटली, मग आमच्या वेळी. बांध तिथे सरळ घातलाय ना, खाडीचं पाणी त्याला समोरून मारतं.” उघाडी म्हणजे खारबंदीच्या बांधातलं पाणी सोडायचं दार. दीडशे वर्षांपूर्वीचा एक शेरा, आणि त्याचं कारण सांगणारी बाई ओटीवर बसलेली. हा कागद पुण्याला गेला असता तर ‘सूट’ एवढंच उरलं असतं. खोताने दया दाखवली की लबाडी केली यावर एखाद्याने प्रबंधही लिहिला असता. बांध चुकीच्या रेषेत घातला होता, हे त्याला कोणी सांगितलं असतं?

यावर म्हटलं जातं की अभ्यासकाने गावात यावं, वहिनींना विचारावं, कागद कुठेही असेना. बोलायला सोपं आहे. तिथे रुमाल मागवायला दोन दिवस, इथे एसटीने यायला एक दिवस, आणि आल्यावर विचारायचं काय, तर तिथे उतरवून घेतलेल्या चार ओळी. वाचणं आणि विचारणं एकाच ओटीवर व्हावं लागतं. शेजारच्या गोव्यात याचं चांगलं उदाहरण आहे. पोर्तुगीजांनी १५९५ साली दियोगु दु कौतु याला गोव्याच्या दफ्तराचा राखणदार नेमलं, आणि ते दफ्तर बहुतांशी गोव्यातच राहिलं. १७७७ साली त्यातले साठाहून अधिक खंड लिस्बनला गेले. ते मूळ खंड आजही लिस्बनलाच आहेत. जे मागे उरले त्यांच्यावर इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर पणजीत आयुष्यभर बसले. पोर्तुगीज आणि मराठे यांच्या संबंधांबद्दल आज आपल्याला जे कळतं त्यातलं किती त्या एका माणसामुळे कळतं, हे या विषयात काम करणाऱ्याला विचारा. पिसुर्लेकरांना पोर्तुगीज येत होती, मोडी येत होती, आणि कागदातली गावं त्यांच्या पायाखालची होती. सगळंच दफ्तर लिस्बनला गेलं असतं तर पिसुर्लेकर झाले असते का? मला शंका आहे.

आमच्या दाभोळचं उलट झालं. आदिलशाहीतलं एवढं मोठं बंदर, पण डिसेंबर १५०८ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मैदाने ते जाळलं ही हकिकत आपण पोर्तुगीजांकडून ऐकतो. त्याआधीचं वर्णन हवं तर निकितिन नावाच्या रशियन व्यापाऱ्याकडे जातो. ज्यांची घरं जळली त्यांचा एक शब्द नाही. पुढच्या काळासाठी मुंबई इलाख्याचं गॅझेटियर आहेच, दहावा खंड, १८८०. रत्नागिरी आणि सावंतवाडी. ते अफाट काम आहे, मी ते रोज उघडतो. पण जिल्ह्यात निघणारी ‘आमच्या तालुक्याचा इतिहास’ छापाची पुस्तिका वाचा : निम्मी पानं गॅझेटियरचं भाषांतर, उरलेल्यात किल्ले आणि थोर पुरुष. थोर पुरुषांची आम्हाला टंचाई नाही, ते खरं. पण साहेबाने सारावसुलीसाठी जे प्रश्न विचारले तेच आम्ही दीडशे वर्षं इतिहास म्हणून वाचतो आहोत, कारण नवे प्रश्न विचारायला लागणाऱ्या कागदांची यादीसुद्धा आमच्याकडे नाही.

सुरक्षिततेचं काय? हवा आणि पूर मी मान्य केले. पण मोठ्या शहरातली मोठी संस्था म्हणजे अभय, हे मान्य करता येत नाही. ५ जानेवारी २००४ ला पुण्यात भांडारकर संस्थेत शिरून जमावाने जी मोडतोड केली ती पुराने केली नव्हती. रायगड मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी पेटला. सगळं एका जागी ठेवलं की जोखीमही एका जागी येते. आणि सुरक्षित ठेवलेलं वाचायला मिळतंच असंही नाही. पेशवे दफ्तर पुण्यात सुरक्षित होतं. पण बाहेरच्या अभ्यासकाला त्यात शिरकाव सोपा नव्हता. गो. स. सरदेसायांच्या हातून त्यातल्या निवडीचे पंचेचाळीस खंड बाहेर पडायला १९३० उजाडावं लागलं. कारण काय होतं? कारण ते दफ्तर इंग्रजांनी इतिहासासाठी सांभाळलंच नव्हतं. १८५२ च्या इनाम कमिशनपासून ते इनामं तपासायचं हत्यार होतं. कागद उघडला की कोणीतरी हक्क सांगत येईल, ही सरकारची भीती.

नेमकी हीच भीती आमच्या माळ्यावर आहे, आणि इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांशी बोलायचं आहे. बैठकीत ‘गावचा ठेवा’ म्हणून जे बोलले त्यांतल्या दोघांच्या स्वतःच्या घरी रुमाल आहेत हे मला माहीत आहे. ते दाखवा म्हटलं तर ‘बघू, गणपतीनंतर’. कारण उघड आहे. कूळकायद्यानंतर, १ एप्रिल १९५७ नंतर, कोकणात जुना कागद म्हणजे कोर्टातला साक्षीदार. कोणाचं कूळ कुठे होतं, कोणत्या भावाने कोणाचा हिस्सा दाबला, देवस्थानाची जमीन कोणाच्या नावावर कशी गेली, हे सगळं त्या जमाखर्चात आहे. मग गावाबाहेर जाऊ न देणं म्हणजे जपणं, की दाबून ठेवणं? गावचा ठेवा म्हणताना गाव म्हणजे कोण?

माळा असतो तो खोताच्या, सावकाराच्या, उपाध्यायाच्या घरी. ज्या कुणब्याने अर्धेल-तिरधेल, म्हणजे पिकाचा अर्धा नाहीतर तिसरा हिस्सा, घातली, ज्या महाराने वेठ केली, ज्या खारव्याने जाळ्यासाठी उचल घेतली, त्याच्या घरी ट्रंक नाही. त्याचं नाव दुसऱ्याच्या ट्रंकेत आहे, बाकीच्या रकमेपुढे. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे आंबेडकरांचं मूळ गाव. १९३७ साली खोती मोडण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडणारा माणूस याच जिल्ह्यातल्या घराण्यातला. खोती कायद्याने संपायला १९४९ उजाडलं. शेजारच्या रायगड जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यात, चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं जमीन पडीक ठेवली. त्या सहा वर्षांचा जमाखर्च खोताच्या वहीत कसा दिसत असेल? रिकामा. त्या रिकाम्या रकान्यांचा अर्थ वहीत नाही, तो संप करणाऱ्यांच्या नातवंडांकडे आहे. म्हणून कागद जिल्ह्यात ठेवा म्हणतो तेव्हा तो मालकाच्या माळ्यावर ठेवा असं मी म्हणत नाही. ज्याचं नाव बाकीदार म्हणून लिहिलंय त्याच्या पणतीला तो चपला काढून बसून, कोणाची मेहेरबानी न घेता वाचता आला पाहिजे. हे मान्य नसेल तर पुणं बरं. तिथे निदान अर्ज करता येतो.

राहिला तिसरा पक्ष, जो अलीकडे सगळ्या वादांवर उतारा म्हणून पुढे येतो : मोबाइलवर फोटो काढा, पेनड्राइव्हवर ठेवा, मग मूळ कागद कुठेही जाऊ द्या. फोटो काढायलाच हवेत, यात वाद नाही. चिपळूणनंतर तर नाहीच. पण रुमालातले कागद एका क्रमाने बांधलेले असतात. गहाणखताखाली त्याचीच फेड, तिच्याखाली भावाची तक्रार. हा क्रम बांधणाऱ्याने विचारपूर्वक लावलेला असतो. उत्साही मुलं रुमाल सोडतात, ‘नीट दिसणारे’ कागद आधी टिपतात, फाटके बाजूला सारतात, आणि संध्याकाळी आठशे फोटो गटावर टाकतात. त्या आठशे फोटोंतून पुन्हा रुमाल बांधून दाखवा. तीही एक चिठ्ठी नसलेली ‘किरकोळ’च, फक्त हातात मावणारी.

मोडीचं रडगाणं गाणाऱ्यांना एक आठवण द्यावीशी वाटते. २०२३ च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठा आरक्षणाच्या वादात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. एका रात्रीत मोडी वाचणाऱ्यांना भाव आला. तहसिलीतल्या ज्या कपाटांकडे कोणी बघत नव्हतं ती उघडली, कोतवाल बुकं, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवह्या, झटकली गेली. तो वाद कोणाच्या बाजूने सुटावा याच्याशी इथे मला कर्तव्य नाही. पण सरकारने मनावर घेतलं की कपाट उघडतं, वाचणारा मिळतो, नोंद होते, हे तर दिसलं ना? पुराभिलेख खात्याची दफ्तरं मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर, संभाजीनगरला आहेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गाला एक का नको? वरच्या मजल्यावर एक कोरडी खोली, मोडी वाचणारी दोन माणसं, आणि आलेल्या प्रत्येक रुमालाची गाव-घर-माळा अशी नोंदवही. यापेक्षा जास्त पैसे तर दर वर्षी किनाऱ्यावरच्या महोत्सवांच्या मांडवाला जातात.

कातळशिल्पांच्या बाबतीत आपण नकळत शहाणपणाने वागलो. उक्षी, काशेळी, बारसू, देवाचं गोठणं इथल्या सड्यांवरची, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवरची, चित्रं गुराख्यांना माहीत होती. जिल्ह्यातली हौशी मंडळी विचारत विचारत तिथवर गेली, आणि २०२२ साली ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत लागली. ती पुण्याला न्या असं कोणी म्हणालं नाही. अर्थात काशेळीचा हत्ती रुमालात बांधता येत नाही, हेही कारण असेल. पण त्यामुळे शोधणाऱ्याला सड्यावर जावं लागलं, वाडीतल्या माणसाला विचारावं लागलं, आणि जमीन कोणाची, वाट कुठून, पूर्वी इथे कोणती पूजा होत असे, हे सगळं चित्राबरोबर नोंदलं गेलं. कागद हलका असतो, हाच त्याचा दोष.

दापोलीकडच्या त्या घराची नोंदवही आता सुरू झाली आहे. दोनशे पानी शाळेची वही आहे, वर मालतीच्या वेलीचं चित्र. पहिल्या पानावर लिहिलंय : पूर्वेकडचा माळा, तुळईलगतची ट्रंक, रुमाल पहिला, बाहेरून तांबडं कापड, गाठ दोन. त्याखाली वहिनींच्या सांगण्यावरून, त्यांच्याच शब्दांत, उघाडीची हकिकत. दुसरा रुमाल अर्धा झालाय. तिसरा सोडायला धाकट्या भावाची संमती लागते. तो गणपतीला येणार आहे.